किती जीबीची देऊ? हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राईव्ह पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

दुकानात गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "किती जीबीची देऊ?" खरं तर हा तिसरा प्रश्न असायला हवा. पहिला असा, की ही वस्तू बिघडेल तेव्हा कशी बिघडेल आणि त्या दिवशी माझ्या हातात काय उरेल? दुसरा, हिच्यावर रोज काम करायचंय की नुसतं ठेवून द्यायचंय? हार्ड डिस्क बरेचदा कुरकुर करत जाते. एसएसडी न सांगता जाते. पेन ड्राईव्ह बिघडण्याआधी हरवतो. सीडी कपाटात पडल्या पडल्या फिकी पडते. वेगाचे तक्ते कुठेही मिळतात, पण हे स्वभाव कुणी सांगत नाही, आणि मग बारशाचे फोटो गेले की ओळख होते. माझी तशीच झाली. टेबलाच्या कडेला ठेवलेली बाहेरची हार्ड डिस्क वायरीत पाय अडकून खाली आली, तीही चालू असताना. तीन वर्षांचे फोटो तिच्यात होते आणि फक्त तिच्यातच होते.

## आधी शब्दांचा घोळ

मोबाइलच्या जाहिरातीत "८ + १२८" लिहिलेलं असतं आणि घरात दोन्हींना मेमरीच म्हणतात. ८ जीबी ही रॅम, १२८ जीबी ही साठवण. ओटा आणि कोठी यांच्यात जो फरक तोच इथे. ओट्यावर लागेल तेवढं काढायचं, स्वयंपाक झाला की ओटा पुसायचा. रॅमचं तसंच, वीज गेली की तिच्यातलं सगळं जातं. कोठीतलं धान्य मात्र दिवे गेले तरी जागच्या जागी असतं. ह्या कोठीलाच अभ्यासाच्या पुस्तकात सेकंडरी स्टोरेज किंवा दुय्यम साठवण म्हणतात. दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाची असं नाही. प्रोसेसर तिच्यातलं थेट वापरत नाही, आधी रॅममध्ये आणून घेतो, एवढाच त्याचा अर्थ. "कॉम्प्युटर स्लो झालाय, मेमरी वाढवा" एवढंच सांगून मशीन दुकानात सोडलंत, तर काय वाढेल ते समोरच्याच्या मर्जीवर.

दुसरा घोळ आकड्यांचा. १ टीबीची डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं. कुणी फसवलेलं नसतं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. म्हणून ५१२ चे ४७६ आणि २५६ चे २३८ दिसतात. यावरून दुकानदाराशी भांडू नका. भांडायला पुढे चांगली कारणं आहेत.

## पायरी १ : आपल्याकडे काय आहे ते बघा

नवीन काही घेण्याआधी दहा मिनिटं द्या. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात "परफॉर्मन्स"वर जा. डावीकडे "डिस्क ०" दिसेल आणि तिच्याखाली एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असेल. एचडीडी म्हणजे हार्ड डिस्क.

तिथेच बसून थोडं निरीक्षण करा. मशीन अडखळत असताना डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि मेमरीत मात्र जागा शिल्लक असेल, तर दोष डिस्कचा. मेमरीच नव्वदच्या पुढे गेली असेल तर रॅम कमी पडतेय, आणि मग एसएसडी टाकून फरक पडेल, पण पुरता नाही. एवढ्या एका गोष्टीने बऱ्याच जणांचे पैसे वाचतील.

मग कागदावर लिहा, तुमचं स्वतःचं म्हणता येईल असं किती आहे. सिनेमे, इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर धरू नका, ती परत मिळतात. फोटो, घरचे व्हिडिओ, हिशेबाच्या फाइली, स्कॅन करून ठेवलेले सातबारे, पोराबाळांचे दाखले, एवढंच धरा. फोनवरचा फोटो सरासरी ४ एमबीचा धरला तर दहा हजार फोटो ४० जीबीत मावतात. व्हिडिओ मात्र जागा खातो. आकडा हाती आला की तो दुप्पट करा आणि मगच दुकानात जा.

## हार्ड डिस्क : स्वस्त, मोठी, पडू न देण्याची

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक ३०५ ह्या संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क विकायला काढली. चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि सगळ्या मिळून जागा साधारण ५० लाख अक्षरांची. म्हणजे आजच्या फोनवरचा एखादा फोटो. तत्त्व अजून तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर तरंगणारं डोकं वाचतं, लिहितं. तरंगणारं म्हणजे खरोखरच तरंगणारं. डोकं आणि तबकडी यांच्यात काही नॅनोमीटरचं अंतर असतं. चालू डिस्क पडली की डोकं तबकडीवर आपटतं, लेप खरवडला जातो, आणि माझ्यासारखी गत होते.

ती हळू का, हे साध्या हिशेबाने कळतं. लॅपटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवा असलेला तुकडा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहाबारा. म्हणजे इकडचेतिकडचे तुकडे उचलायचे असतील तर सेकंदाला साधारण साठ. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारक्या फाइली उचलते. तुम्ही चहा टाकून येता तो त्यामुळे. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास सहज देते, कारण डोक्याला पळापळ नसते.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. विंडोज चालवायला आज हार्ड डिस्क घेऊ नका, फुकट मिळाली तरी. पण फोटोंचा साठा, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, बॅकअप यांसाठी तेवढ्याच पैशात जास्त जागा अजून तिच्यातच मिळते.

घेताना बघायच्या गोष्टी थोड्याच. अडीच इंचाची बाहेरची डिस्क यूएसबीवरच चालते, साडेतीन इंचाचीला वेगळा अडॅप्टर लागतो, तेव्हा सोबत न्यायची की टेबलावर ठेवायची ते आधी ठरवा. सीसीटीव्हीसाठी त्याच कामाची डिस्क मागा, ती चोवीस तास लिहीत राहण्यासाठी बनवलेली असते. आणि एक बारीक अक्षरातली गोष्ट: एसएमआर की सीएमआर. एसएमआर डिस्कमध्ये माहितीच्या रेघा मंगलोरी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून भरपूर लिहिताना ती दमते. आठवड्याला एकदा बॅकअप घ्यायला चालेल. दिवसभर चार जण वापरणार असतील तर सीएमआर घ्या, तिच्यात रेघा एकमेकींवर न चढवता शेजारीशेजारी असतात.

जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले. "अमुक कंपनीची कधीच जात नाही" हे वाक्य तुम्हाला तिघींबद्दलही ऐकायला मिळेल आणि तिघींच्याही गेलेल्या डिस्का मी पाहिल्यात.

ती जाताना काय सांगते. टक टक असा ठराविक आवाज, फाइल उघडायला एकदम मिनिटभर लागणं, कॉपी मध्येच अडकणं. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. ते डिस्कच्या आतली स्वतःची नोंदवही वाचतं. निळं असेल तर ठीक. पिवळं झालं की त्याच दिवशी सगळ्यात महत्त्वाचं आधी कॉपी करा. सिनेमे शेवटी. दुरुस्तीची सॉफ्टवेअर चालवत बसू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला ती सगळा पृष्ठभाग वाचायला लावतात. आणि फ्रीजमध्ये ठेवायचा जो उपाय कुणीतरी सांगतंच, तो करू नका. बाहेर काढली की आत दव धरतं. स्क्रू उघडून बघायचा मोहही टाळा. ज्या अंतरावर डोकं तरंगतं तिथे धुळीचा एक कण म्हणजे धोंडा असतो.

## एसएसडी : वेगवान, शांत, आणि न सांगता जाणारी

हिच्यात फिरणारं काही नाही. चिपमध्ये बारीक कप्पे असतात आणि त्यांत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवले जातात. हीच फ्लॅश मेमरी. १९८० च्या दशकात तोशिबामध्ये फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. डोकं सरकायची, तबकडी फिरायची वाट बघायला नको, म्हणून जिथे हार्ड डिस्क सेकंदाला साठ तुकडे उचलते तिथे साधी एसएसडी हजारोंनी उचलते. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला एवढा एक बदल पुन्हा कामाला लावतो.

दुकानात तीन गोष्टी समोर येतील आणि नवखा माणूस इथेच चुकतो.

एक, अडीच इंचाची साटा एसएसडी. साटा म्हणजे हार्ड डिस्क मशीनला जोडायची जुनी वाट. आकाराने लॅपटॉपच्या हार्ड डिस्कएवढी, तिच्याच जागी बसते. वेग सेकंदाला ५५० एमबीपर्यंत; त्याच्यावर साटाची वाटच जाऊ देत नाही.

दोन, एम.२ साटा. दिसायला च्युइंगमच्या पट्टीसारखी, वेग मात्र वरच्याइतकाच.

तीन, एम.२ एनव्हीएमई. दिसायला जवळजवळ दोन नंबरसारखीच, पण वाट वेगळी. तिसऱ्या पिढीची सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत, चौथ्या पिढीची ७००० पर्यंत.

एम.२ हे नुसत्या आकाराचं आणि खाचेचं नाव आहे, वेगाचं नाही. "एम.२ म्हणजे फास्ट" असं समजून लोक घेऊन येतात, आणि ज्या खाचेत फक्त साटा चालते तिथे एनव्हीएमई लावतात. ती दिसतच नाही. म्हणून लॅपटॉपचा किंवा मदरबोर्डचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवरचं मॅन्युअल उघडा आणि त्या खाचेत काय चालतं ते वाचा. खोक्यावरचा २२८० हा आकडा मिलिमीटरमधला आहे: रुंदी २२, लांबी ८०. काही छोट्या मशीनमध्ये २२३० किंवा २२४२ च बसते. स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली असते. तिथे बदलायला काहीच नसतं, हे आधी कळलेलं बरं.

वेगाच्या आकड्याला भुलू नका. ऑफिसचं काम, मराठी टायपिंग, ब्राउझर, टॅली यासाठी ३५०० आणि ७००० यांतला फरक तुम्हाला जाणवणार नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात तर जाणवेल, आणि तोही पहिल्याच दिवशी. वाचलेले पैसे जास्त जागेत घाला. एसएसडी काठोकाठ भरली की तिचीही चाल मंदावते, तेव्हा दहापंधरा टक्के मोकळी ठेवा.

टीएलसी आणि क्यूएलसी ही दोन नावं दिसतील. टीएलसीमध्ये एका कप्प्यात तीन बिट, क्यूएलसीमध्ये चार. जास्त कोंबलं की लिहायला वेळ लागतो आणि कप्पा लवकर झिजतो. भावात थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्या. झिजण्याची मात्र फार काळजी नको. १ टीबीच्या बऱ्याच एसएसडींना ६०० टीबीडब्ल्यूची हमी असते, म्हणजे ६०० टीबी लिहून होईपर्यंत. रोज ५० जीबी लिहिलंत तरी ते गाठायला तीस वर्षांच्या वर लागतील. आणि रोज ५० जीबी आपण लिहीत नाही.

मग ती जाते कशाने? बरेचदा तिच्यावरचा कंट्रोलर, म्हणजे कप्प्यांवर देखरेख करणारी चिप, जातो. काल चालू होती, आज मशीन म्हणतं डिस्कच नाही. आवाज नाही, सूचना नाही. शिवाय खोडलेली फाइल परत आणणं इथे जवळपास अशक्य. खोडलेली जागा मोकळी झाल्याचं विंडोज ट्रिम नावाच्या आज्ञेने एसएसडीला सांगतं आणि ती जागा मागच्या मागे पुसली जाते. हार्ड डिस्कवर चालणारी "चुकून डिलीट झालं, काढून द्या" ही सवय इथे महागात पडेल.

अजून एक, कपाटात ठेवण्यासाठी एसएसडी नाही. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात. घरगुती एसएसडीसाठी जेडेक ह्या संस्थेच्या मानकात अट एवढीच आहे, की लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावरही वीज न देता ३० अंशांना तिने एक वर्ष माहिती धरून ठेवावी. नवी एसएसडी याहून बरीच जास्त धरते, पण उष्णता वाढली की गळती वाढते, आणि मे महिन्यात चंद्रपुरातल्या बंद घरातलं कपाट ३० अंशांवर नसतं.

## पायरी २ : जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवणं

हे काम घरी जमण्यासारखं आहे. घाई मात्र करू नका.

१. आधी बॅकअप. दुसऱ्या कशावर तरी सगळं कॉपी करा आणि दोनचार फाइली उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे कॉपी झाली असं नाही.

२. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाचा किल्लीसारखा लांब आकडा, कागदावर लिहून घ्या. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावलीत की हीच की मागितली जाईल, आणि तेव्हा ती शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

३. क्लोन करायचं की नव्याने विंडोज टाकायचं, ठरवा. क्लोन सोपं, सगळं जसंच्या तसं येतं. पाच वर्षांचा कचराही येतो. मी नव्याने टाकतो. त्यासाठी ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राईव्ह लागेल, आणि तो पूर्ण पुसला जाईल हे लक्षात ठेवा.

४. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. आत बसवलेली असेल तर मागचं झाकण उघडल्यावर आधी तिची पिन सोडवा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. काढलेले स्क्रू ज्या जागेचे त्या क्रमाने चिकटपट्टीवर लावून ठेवा, त्यांची लांबी वेगवेगळी असते.

५. साटा असेल तर हार्ड डिस्क सरकवून काढा, एसएसडी तिथेच सरकवा. एम.२ असेल तर पट्टी तिरकी धरून खाचेत घाला, खाली दाबा आणि टोकाला छोटा स्क्रू लावा. हा स्क्रू एसएसडीच्या खोक्यात बरेचदा नसतो. आधी विचारून घ्या, नाहीतर त्या टिचभर स्क्रूपायी परत दुकानात जावं लागतं.

६. नवी डिस्क दुसरी म्हणून लावली असेल तर ती "धिस पीसी"मध्ये दिसणार नाही. घाबरून परत करायला निघू नका. स्टार्ट बटणावर उजवं क्लिक, मग "डिस्क मॅनेजमेंट". ती इनिशिअलाइझ करायला विचारेल. जीपीटी निवडा, कारण दुसरा पर्याय एमबीआर २ टीबीच्या पुढे जात नाही. मग काळ्या पट्टीवर उजवं क्लिक करून "न्यू सिंपल व्हॉल्यूम". हे करताना जुनी डिस्क कुठली आणि नवी कुठली ते आकारावरून दोनदा बघा.

७. काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. यूएसबीचं केसिंग घ्या, तिच्यात घाला, झाली बाहेरची डिस्क. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राईव्ह असेल तर त्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवूनही ती आतच ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, पट्टीने मोजून घ्या.

एसएसडीवर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचं काम, चालवायची गरज नाही. विंडोज काय करायचं ते स्वतः ओळखतं.

## पेन ड्राईव्ह आणि मेमरी कार्ड

ही माहिती नेण्याआणण्याची साधनं आहेत, ठेवण्याची नाहीत. हे एक वाक्य पाळलं तरी निम्मं रडणं वाचेल. आत एसएसडीसारखीच फ्लॅश चिप असते, पण स्वस्तातली, आणि तिच्यावर देखरेख करणारा कंट्रोलरही साधा.

पहिला धोका बनावट क्षमतेचा. रस्त्यावर किंवा ऑनलाइन अगदी कवडीमोलाने "२ टीबीचा पेन ड्राईव्ह" दिसला तर तो २ टीबीचा नाही, असं समजा. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि तिच्याकडून खोटा आकडा वदवलेला असतो. कॉम्प्युटरलाही तो पूर्ण २ टीबी दाखवतो. तुम्ही भरत जाता, कॉपी यशस्वी झाल्याचं दिसतं, आणि खरी जागा संपल्यावरचं सगळं वाऱ्यावर जातं किंवा जुन्यावरच लिहिलं जातं. नवीन पेन ड्राईव्ह किंवा कार्ड घेतलं की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू ह्या फुकट सॉफ्टवेअरने एकदा पूर्ण भरून वाचून बघा. लिनक्सवर एफ-थ्री आहे. मोठ्या कार्डाला काही तास लागतील. वस्तू परत करायची मुदत असतानाच हे करा. दुकानदाराशी भांडायचं खरं कारण हे.

दुसरा, फाइल जात नाही. १६ जीबी मोकळे आहेत आणि ५ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नाही, "फाइल टू लार्ज" येतं. कारण तो पेन ड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आतलं बाजूला काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालेल. जुना टीव्ही किंवा गाडीतला स्टिरिओ मात्र एक्सफॅट ओळखेलच असं नाही, त्यासाठी एक छोटा फॅट३२ वेगळा ठेवा.

तिसरा, झेरॉक्सच्या दुकानातला. प्रिंट काढायला दिलेला पेन ड्राईव्ह घरी आणला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. बहुतेक वेळा फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नका, आधी अँटिव्हायरसने तपासा. सोपा मार्ग म्हणजे बाहेर द्यायला एक वेगळा, जवळजवळ रिकामा पेन ड्राईव्ह आणि त्यात फक्त प्रिंटची पीडीएफ.

यूएसबी २.० चा पेन ड्राईव्ह सेकंदाला तीसचाळीस एमबीच्या वर जात नाही, ३.० चा खूप पुढे जाऊ शकतो, पण पोर्टही ३.० चं हवं. ते बरेचदा आतून निळं असतं. काढताना "इजेक्ट" करा. २०१८ च्या अखेरीपासूनच्या विंडोज १० मध्ये ते न करताही बहुधा चालतं, पण दिवा लुकलुकत असताना ओढलात तर कुठलंच विंडोज वाचवणार नाही.

कार्डावरच्या खुणांपैकी दोनच लक्षात ठेवल्या तरी पुरे. वर्तुळातला १० म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान १० एमबी. व्ही३० म्हणजे किमान ३०, फोर-के व्हिडिओला हा हवा. गाडीतल्या डॅशकॅमसाठी किंवा घरच्या कॅमेऱ्यासाठी "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं कार्ड घ्या. साधं कार्ड दिवसरात्र लिहिण्याने लवकर मान टाकतं, आणि अपघात झाला त्याच दिवसाचं रेकॉर्डिंग नसतं.

## सीडी, डीव्हीडी, टेप

सीडी ७०० एमबी, डीव्हीडी ४.७ जीबी, ब्लू-रे एका थराला २५ जीबी. नवीन घ्यायचं कारण बहुतेकांना उरलेलं नाही. पण घरात लग्नाच्या, मुंजीच्या डीव्हीडी असतील तर यंदाच्या पावसाळ्याआधी यूएसबीचा डीव्हीडी ड्राईव्ह कुणाकडून तरी मागून आणा आणि त्या उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या डिस्कमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. तो थर उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने जातो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना दमटपणाबद्दल मी काय सांगणार. सीडीबद्दल एक गंमत: आपण चकचकीत बाजू जपतो, पण सीडीचा माहितीचा थर नाव लिहितो त्या बाजूला, नुसत्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनने दाबून "ताईचं लग्न" लिहिलं की थेट त्याच्यावरच ओरखडा. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती जरा सोशीक.

फ्लॉपी १.४४ एमबीची होती आणि आता सेव्हच्या चित्रापुरती उरली.

चुंबकीय टेप मात्र गेलेली नाही. मोठ्या संस्था आजही ती वापरतात. एलटीओ-९ ह्या प्रकारच्या टेपच्या एका काडतुसात १८ टीबी बसतात. कपाटात ठेवली की तिला वीज लागत नाही आणि नेटवर्कवरून आलेला व्हायरस तिच्यापर्यंत पोचत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सॉफ्टवेअरच्या चुकीने काही जीमेल खात्यांतल्या मेल गायब झाल्या, तेव्हा गूगलने त्या टेपवरूनच परत आणल्या. घरासाठी टेप नको, ती वाचणारं यंत्रच फार महाग असतं.

क्लाउड हे वेगळं साधन नाही. तीही कुणाच्या तरी इमारतीतली हार्ड डिस्क आणि एसएसडीच, फक्त देखभाल दुसऱ्याची. गूगलचे फुकटातले १५ जीबी कागदपत्रांसाठी जरूर वापरा. सगळे फोटो तिथेच आणि फक्त तिथेच ठेवलेत तर पासवर्ड विसरणं हाही एक बिघाड धरा.

## पायरी ३ : वाटणी करा

माझ्या घरची मांडणी सांगतो, त्यात तुमच्या सोयीने फेरफार करा. विंडोज आणि रोजचं काम ५१२ जीबीच्या एसएसडीवर. फोटो, व्हिडिओ आणि कामाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी आता टेबलाच्या कडेला नाही तर खणात असते, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तेवढी बाहेर येते. तिसरी प्रत दुसऱ्या एका हार्ड डिस्कवर, जी भावाकडे साताऱ्याला आहे. दिवाळीला आणि गणपतीला गेलो की बदलून आणतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. हा ३-२-१ चा नियम छायाचित्रकारांमध्ये रुळलेला आहे. घराबाहेरची प्रत कशाला, असं वाटेल. चोरी, आग आणि पुराचं पाणी ह्या तिन्ही गोष्टी खणातली डिस्क आणि टेबलावरचा लॅपटॉप यांत भेद करत नाहीत.

बॅकअपची डिस्क सतत लावून ठेवू नका. खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेलं सगळं कुलूपबंद करतो. आणि गावाकडे वीज वरचेवर जात असेल तर डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावा. लिहिता लिहिता वीज गेली की डिस्क शाबूत राहते, पण फाइल अर्धी राहते.

## जुनी डिस्क देताना

"फॉरमॅट करून दिली" एवढ्याने काही पुसलं जात नाही. क्विक फॉरमॅट फक्त यादी फाडतो, आतली पानं तशीच राहतात. हार्ड डिस्क असेल तर फॉरमॅटच्या खिडकीतली "क्विक" वरची खूण काढा आणि रात्रभर चालू द्या. पूर्ण लॅपटॉप विकत असाल तर सेटिंग्जमधून "रीसेट धिस पीसी", मग "रिमूव्ह एव्हरीथिंग", आणि पुढे "क्लीन डेटा"चा पर्याय चालू करा. एसएसडी सुटी देणार असाल तर तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं "सिक्युअर इरेज" वापरा. बंद पडलेली हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी उघडून तबकड्या काढा. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुधा काचेच्या असतात, तेव्हा हातोडा मारताना वर जाड फडकं टाका आणि डोळ्यांना चष्मा लावा.

आणि चालू असलेल्या प्रत्येक डिस्कवर चिकटपट्टी लावून घेतल्याची तारीख आणि आत काय आहे ते लिहा. माझ्या खणात एक आहे, तिच्यावर माझ्याच अक्षरात नुसतं "जुनं सगळं" लिहिलंय. ती लावून बघायला अजून मुहूर्त लागलेला नाही.